बफ मारलेलं रिव्हॉल्व्हर 'मूळ रूपात' येत नाही

आमच्या मोर्शी-वरुडकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "वाड्यातलं जुनं रिव्हॉल्व्हर बफ मारून निळं करून घ्या. मूळ रूप परत येतं, किंमत वाढते. चकचकीत तेवढं अस्सल." बफ म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, आणि निळं करणं म्हणजे पोलादावर रसायनाने काळानिळा थर चढवणं. भाऊ, यातलं एकही वाक्य खरं नाही.

'मूळ रूप परत येतं.' कोणतं मूळ? १८७३ च्या अमेरिकन कोल्ट रिव्हॉल्व्हरची फ्रेम, म्हणजे मधला सांगाडा, हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात विझवत. पाण्यावर डिझेल सांडावं तसे रंग तिच्यावर उमटत. आज सर्रास होतं ते उकळत्या क्षारांतलं काळंनिळं काम, ते विसाव्या शतकातलं. निळं करायला बाटलीत मिळणाऱ्या पुष्कळ द्रावणांत तर मोरचूद असतं. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला की बुडवलेल्या विळ्यावर तांबं चढतं, हे संत्रेवाल्याला सांगायला नको. हा निळाही तसाच वरवरचा, घासला की उडतो.

बफने काय होतं ते मी घरीच पाहिलं. आबांचं .३२ वेब्ली रिव्हॉल्व्हर काकांनी एका दुकानात दिलं. आलं ते आरशासारखं. भिंग धरलं तर फ्रेमच्या धारदार कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे, गंजाचे खड्डे मात्र निळ्याखाली तसेच. नंबरचे दोन आकडे पुसट झालेत. नंबर खोडणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि दुरुस्तीलाही परवानाधारकच लागतो. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

किंमत वाढत नाही, पडते. संग्राहक विरळ झालेल्या मूळ रंगाला पैसे मोजतो.

'चकचकीत तेवढं अस्सल' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की मळकट तेवढं अस्सल, असंही नाही. इटलीची उबेर्ती कंपनी १९५९ पासून जुन्या कोल्टच्या प्रतिकृती बनवते, आणि मुद्दाम जुनाट केलेल्या प्रतिकृतीही विकत मिळतात. म्हणून झीज कुठे आहे ते बघा. चामडी म्यानात नळीचं तोंड आणि गोळ्यांच्या फिरत्या चकरीच्या कडा आधी घासतात. खोबणीतही तेवढीच झीज दिसली तर ती कोणीतरी केलेली आहे.

आणि मुठीच्या पट्ट्या काढून बघा. आमच्या वेब्लीच्या पट्टीखाली बोटभर जागेत आबांच्या वेळचा निळा अजून आहे. बफ तिथं पोचला नाही.