ट्रकमागे दुचाकी लावून पेट्रोल वाचवण्याच्या सल्ल्याविषयी

‘हवेचा अवरोध केवळ गाडीच्या समोरील क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून दुचाकीचे आरसे काढा, महामार्गावर ट्रकच्या मागे पंधरा फुटांवर राहा आणि मोटारीच्या टपावर खुशाल सामान बांधा, ते काचेच्या मागेच येते,’ असा संदेश सध्या मोबाईलवर फिरत आहे. कोल्हापुराहून रोज कागलच्या एमआयडीसीत दुचाकीने जाणाऱ्या माझ्या पुतण्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘काका, मी कालपासून सुरू केलंय.’ त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

ट्रकच्या पाठीशी हवा त्याच्याबरोबर ओढली जाते, त्यामुळे मागच्या वाहनाला अवरोध कमी होतो, एवढे मान्य करावे लागेल. परंतु ताशी ८० किलोमीटर वेगाने दुचाकी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पंधरा फूट म्हणजे जेमतेम साडेचार मीटर. ते पाव सेकंदाच्या आत संपतात, आणि ब्रेक दाबायलाच माणसाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यातून गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली कडेला उभी असेल, तर ट्रकचालक ती पाहून ऐनवेळी गाडी बाजूला घेईल. मागच्याला मात्र तोवर फाळक्याखेरीज काहीच दिसलेले नसेल. हा सल्ला लिहिणाऱ्याने त्या अंतरावर एकदा तरी गाडी चालवली आहे का?

क्षेत्रफळ दुप्पट झाले की अवरोध दुप्पट होतो, हे खरे. ‘केवळ’ हा शब्द खोटा. आकार आणि वेगही तितकेच मोजावे लागतात. नासाने १९७०च्या दशकात खोक्यासारख्या चौकोनी व्हॅनवर चाचण्या केल्या. तिच्या उभ्या-आडव्या कडा गोलाकार करताच अवरोध ५४ टक्क्यांनी घटला, आणि समोरील क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहिले होते.

टपावरचे सामान काचेच्या मागे नव्हे, तर वर येते. त्याने क्षेत्रफळही वाढते आणि प्रवाहही बिघडतो. आरसे काढून होणारी बचत किरकोळ आहे, आणि आरसे कायद्याने बंधनकारक आहेत.

अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० वरून ६० वर आणला, तर तो सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होतो, आणि त्यासाठी कोणाच्याही मागे लागावे लागत नाही. कागलपर्यंतच्या साधारण २० किलोमीटरला त्याने पाच मिनिटे जास्त लागतील.