साहेब वीज घेत नाहीत

आमच्या घरात सगळ्यांत खानदानी कोण, तर भिंतीवरचा इन्व्हर्टर. विजेचा खांब आमच्यापर्यंत पोचलेलाच नसल्यामुळे सगळा संसार ऊन, बॅटरी आणि अडीअडचणीला जनरेटर या तिघांवर चालतो, आणि या तिघांच्या वर हे साहेब. छपरावरच्या पॅनेलची वीज ते बिनतक्रार घेतात. पण ढगाळ दिवस सलग आले, बॅटरी खाली बसायला लागली, की जनरेटर लावायचा आणि बॅटरी भरून घ्यायची. हिशेब साधा होता, फक्त तो साहेबांना मान्य नव्हता.

जनरेटर डिझेलचा, एका सिलिंडरचा. तो चालू असताना शेजारी उभ्या माणसाशी खुणांनीच बोलावं लागतं. मल्टिमीटर लावून पाहिला, २३१ व्होल्ट. इनपुटचा एमसीबी, म्हणजे आत येणाऱ्या विजेचा स्विच, वर केला. इन्व्हर्टरच्या पडद्यावरही २३१ उमटलं. म्हणजे वीज दारात आली होती, साहेबांनी ती पाहिलीही होती. आत घेतली मात्र नाही. बाहेर जनरेटर ढणाढणा डिझेल जाळतोय आणि आत घर खुशाल बॅटरीवर चाललंय.

"अहो, तो चालू आहे ना?" बायकोने विचारलं.

"ऐकू येत नाही का?"

"ऐकू येतंय म्हणूनच विचारतेय. मग बॅटरी का उतरतेय?"

असल्या वेळी घरात एक मेहुणा असतोच. आमच्याकडेही आहे. "दाजी, तुमचा न्यूट्रल लोंबकळतोय," त्याने डॉक्टरी थाटात निदान केलं. म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेला नसतो. अशा वेळी फेज ते अर्थ मोजा नाहीतर न्यूट्रल ते अर्थ, मीटर दोन्हीकडे साधारण निम्मे व्होल्ट दाखवतो आणि माणूस गोंधळतो. काही इन्व्हर्टरना ते खपत नाही. मग न्यूट्रल आणि अर्थ जोडावे लागतात, तेही एकाच ठिकाणी, आणि ते काम वायरमनचं आहे, मेहुण्याचं नव्हे. आमचा वायरमन आला, पाहिलं, म्हणाला, "दादा, यात काही नाही. सेटिंग बघा." आणि गेला. सेटिंग बघा म्हणणं किती सोपं असतं!

इन्व्हर्टरसोबत एक पुस्तिका येते. तिची अक्षरं इतकी बारीक असतात, की ती वाचायला लागणारा उजेड त्याच इन्व्हर्टरकडून मागावा लागतो. आणि पडद्यावरची अक्षरं आकड्यांच्याच काड्यांनी लिहिलेली, त्यामुळे एस कुठे संपतो आणि पाच कुठे सुरू होतो हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवायचं.

तर पुस्तिकेतल्या ०१ नंबरच्या सेटिंगमध्ये घराला वीज कोणत्या क्रमाने द्यायची ते असतं. बसवणाऱ्याने तिथे 'एसबीयू' ठेवलं होतं: आधी सौर, मग बॅटरी, आणि अगदीच नाइलाज झाला तर बाहेरची वीज. नाइलाज कधी झाला असं समजायचं, ते १२ नंबरमध्ये लिहिलेलं, ४६ व्होल्ट. आमची बॅटरी ४८.६ वर होती. म्हणजे साहेबांचा जनरेटरवर राग वगैरे काही नव्हता. बॅटरी ४६ ला टेकेपर्यंत बाहेरच्या विजेची फाइल उघडायचीच नाही, असा वरून आदेश होता, आणि आदेशाबाहेर हा कारकून एक सही करणार नव्हता.

०१ बदललं, बाहेरची वीज बॅटरीच्या आधी घेता येईल असं केलं. काही सेकंद साहेबांनी येणारी वीज खालीवर न्याहाळली, मग आतून रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, वाजला, 'खट्', आणि पंख्याचा आवाज किंचित बदलला. घर जनरेटरवर आलं! मी मेहुण्याकडे असं पाहिलं, जसं काही जनरेटरचा शोध मीच लावला होता.

"पण बॅटरी कुठे भरतेय?" बायको म्हणाली.

नव्हती भरत. दिवे जनरेटरवर, पंखे जनरेटरवर, आणि बॅटरीत मात्र शून्य ॲम्पियर. कारण घर कशावर चालवायचं हा एक प्रश्न आणि बॅटरी कशाने भरायची हा वेगळा, त्याचं खातं १६ नंबरकडे. तिथे होतं 'ओएसओ'. अर्थ असा, की बॅटरीत जाईल तर फक्त सूर्याचीच वीज, दुसऱ्या कुणाची नाही. इतकी सूर्योपासना मी माणसांतही पाहिलेली नाही. ते बदलून 'एसएनयू' केलं, म्हणजे सूर्य आणि बाहेरची वीज दोन्ही चालतील.

आणि मग खरी मारामारी सुरू झाली.

चार्जर जागा झाला. पडद्यावर ॲम्पियरचा आकडा चढायला लागला, दहा, वीस, तीस. जनरेटरचा आवाज जड झाला. चाळीस. इंजिनाने मान खाली घातली, धूर काळा झाला, दिवे पिवळे पडले, आणि 'खट्'. साहेबांनी हात झटकला. ओझं एकदम उतरल्याबरोबर इंजिन मोकळ्या घोड्यासारखं उधळलं, मग हळूहळू शांत झालं. साहेबांनी पुन्हा वीज न्याहाळली, पसंत केली, 'खट्', दहा, वीस, तीस, काळा धूर, 'खट्'. हे असंच चालू राहिलं. मी मधे उभा. भांडण दोन यंत्रांचं, आणि तडजोडीची जबाबदारी माझी, कारण डिझेलचे पैसे माझे.

"जनरेटर लहान पडतोय, दाजी. मोठा घ्या," मेहुणा.

मी कागद घेऊन बसलो. चार्जर ठेवलेला ६० ॲम्पियरवर. भरताना बॅटरी ५६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ३३६० वॅट नुसते बॅटरीत. चार्जर स्वतः थोडी वीज खातो ती वेगळी, आणि बाहेरची वीज घेतली की घरातलं सगळं ओझंही त्याच तारेवर येतं ते वेगळं. जनरेटरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात ५ केव्हीए, आणि खाली, लाजत लाजत, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे त्यातला खरा कामाला येणारा हिस्सा. गुणाकार केला की उरतात ४ किलोवॅट. तेही नवं असताना, थंड हवेत, फिल्टर स्वच्छ असताना. आमच्या जनरेटरने यातली एकही अट अलीकडे पाळलेली नव्हती.

मग मेकॅनिक आला. त्याने आधी इंजिनावर हात ठेवला, नाडी पाहिल्यासारखा. फिल्टर काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला, काही बोलला नाही, झटकला. मग मीटरवर फ्रिक्वेन्सी पाहिली, ५३ हर्ट्झ. मला ते चूक वाटलं, ५० हवं ना?

"रिकाम्याला थोडं जास्तच ठेवायचं, दादा. लोड आला की खाली येतं." असल्या जनरेटरमध्ये इंजिनाचे फेरे आणि विजेची फ्रिक्वेन्सी एकाच दोरीला बांधलेली असतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे ५० हर्ट्झ. गव्हर्नर लोड पाहून डिझेल वाढवतो, पण तो यांत्रिक, त्यामुळे लोड वाढेल तसे फेरे थोडे उतरणारच. रिकाम्या इंजिनाला नेमके ५० लावून ठेवले, तर लोडखाली ते आणखी खाली जातात, आणि मग व्होल्टेजही बसतं. गव्हर्नरच्या स्क्रूला त्याने पाव फेरा दिला, आवाज ऐकला, त्यातला अर्धा परत घेतला. एवढ्या नजाकतीने माझ्याकडे कुणी मीठही घालत नाही.

उरलेली तडजोड पुस्तिकेत होती. ०३ नंबरला येणाऱ्या विजेची पसंती ठरते. तिथे 'यूपीएस' असलं तर १७० ते २८० व्होल्टच चालतात, व्होल्टेज जरा घसरलं की साहेब उठून जातात. 'एपीएल' केलं तर ९० पासून चालतं. आमच्याकडे कॉम्प्युटर सोडला तर नाजूक असं काही नाही, म्हणून एपीएल केलं, आणि कॉम्प्युटर त्या वेळी बंद ठेवायचा ठरलं. शेवटी ११ नंबर, म्हणजे बाहेरच्या विजेवर किती ॲम्पियरने भरायचं. तिथले ६० काढून ३० केले. अजून कमी करायचा मोह झाला होता, पण मेकॅनिकने बजावलं, की डिझेल इंजिन फार हलक्या लोडवर तासन् तास चालवलं तर डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळतं. म्हणजे जास्त मागितलं तर दमतं, कमी मागितलं तर आजारी पडतं.

पुन्हा किल्ली फिरवली. २२९ व्होल्ट. न्याहाळणी. 'खट्'. दहा, वीस, तीस, आणि तिथेच थांबलं. इंजिन थोडं घोगरं झालं, ५१ हर्ट्झवर स्थिरावलं. आम्ही तिघं आणि मेकॅनिक पडद्याकडे टक लावून उभे. दुसरा 'खट्' आला नाही.

"मग आता मिक्सर लावू?"

"लाव."

"आणि पाण्याची मोटर?"

"लाव. पण मिक्सर बंद करून. आणि इस्त्री त्या वेळी नकोच."

मेहुणा बोटांवर काहीतरी मोजत होता. "दाजी, पण मोठा जनरेटर घेतला असता तर ६० ॲम्पियरने भरली असती, नाही का? अर्ध्या वेळात."

"आधी बाहेर जाऊन याच्या टाकीत किती उरलंय ते बघून ये," बायको म्हणाली, आणि मिक्सर लावला.