‘वह्या-तपासनीस’ बाईंचं उत्तर

‘सत्यशोधक’ यांस,

नव्या शिक्षकांना तयार करण्यात गेलेल्या माझ्या वर्षांबद्दलच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ती काढून टाकलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बाईंनी आयुष्यभर पाठांच्या वह्या (शिकाऊ शिक्षकांनी पाठाची तयारी लिहून आणलेल्या) तपासल्या, शिक्षक घडवले नाहीत; वर्गात उभं राहायला आम्ही वर्गातच शिकलो. सराव पाठाच्या, म्हणजे शिकाऊ शिक्षकाने शाळेत वर्ग घेऊन दाखवायच्या दिवशी हुशार मुलं पुढच्या बाकांवर आणून बसवायचे. डी.एड. कॉलेजं भराभर निघाली, भरती बंद पडली, पोरं घरी बसली, त्यावर लेखात चकार शब्द नाही. आणि बी.एड. दोन वर्षांचं झालं ते साल चुकलंय.

शेवटचं आधी घेते. साल खरंच चुकलं होतं. नियमावली २०१४ची, पण दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष सुरू झाला २०१५ला. दुरुस्ती केली आहे, आभारी आहे. चूक दाखवली की मी मान्य करते, हे यावरून दिसावं.

पण ‘वह्या-तपासनीस मॅडम’ आणि पुढे तीन हसरे चेहरे? रात्री दीड वाजता? टीकेचं मला वावडं नाही. १९८६ साली पालिकेच्या शाळेत लागले तेव्हापासून पालक, पर्यवेक्षक, नगरसेवक, सगळ्यांचं ऐकून घेतलंय. पण ते समोर उभे राहून बोलायचे. तुम्ही नाव घेतलंत ‘सत्यशोधक’. ज्योतीरावांनी १८७३ साली त्या नावाचा समाज काढला, तेव्हा जे लिहायचं ते स्वतःच्या नावाने लिहिलं. एवढं मोठं नाव टोपणनाव म्हणून वापरायचं तर थोडं जपून वापरावं, इतकंच.

आता वह्या. हो, तपासल्या. किती ते मोजलं नाही. सूक्ष्म अध्यापनाच्या (एकेका कौशल्याच्या छोट्या पाठांच्या) वेगळ्या, सराव पाठांच्या वेगळ्या. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन असे रकाने आखलेले. त्यातलं पुष्कळसं मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतून उतरवलेलं असायचं, हे मला कळत नव्हतं असं समजू नका. रकाने मी वरवरच बघायचे. माझं लिहिणं मागच्या कोऱ्या पानावर असायचं, आणि ते वर्गात शेवटच्या बाकावर बसून, पाठ चालू असतानाच लिहिलेलं असायचं.

एक पाठ सांगते. कुर्ल्याची शाळा, दुसरीचा वर्ग, साठाच्या वर मुलं, पंखा एकच. छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षिका होऊ पाहणारी आमची विद्यार्थिनी, वजाबाकी घेत होती, ४२ वजा १७. तक्ता सुरेख, अक्षर मोत्यासारखं. “दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या चाराकडून एक उसना घेऊ या.” माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा उठला. “बाई, परत कधी द्यायचा?” वर्ग हसला. (त्याच्या घरी वाणसामान उधारीवर येत असणार. त्या पोराला उसनं म्हणजे काय ते आमच्या पुस्तकापेक्षा चांगलं माहीत होतं.) ती गोंधळली, “खाली बस” म्हणाली आणि पुढे गेली.

मागच्या पानावर मी लिहिलं: मुलगा बरोबर आहे. चाराकडून एक घेतलेला नाही, दहा घेतलेत, आणि ते कुणीच परत देत नाही. ‘उसना’ शब्द टाळ, काड्यांचा गठ्ठा सोडवून दाखव.

दुसऱ्या दिवशी ती आगपेटीच्या काड्या घेऊन आली. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर त्याच मुलाला काढायला लावलं. रबर उडून तिसऱ्या रांगेत पडलं, काड्या जमिनीवर सांडल्या, तास संपत आला तरी मोजणं चालूच. बारा सुट्या झाल्या, सात बाजूला काढल्या, मग एक गठ्ठा बाजूला. पंचवीस. पोरगं म्हणालं, “मग उसने कशाला घेतले, आपलेच तर होते.” तिच्या पाठाला त्या दिवशी मी नियमापेक्षा जास्त गुण दिले.

तर ‘वर्गातच शिकलो’ म्हणता, ठीक. पण तुम्हाला त्या वर्गात उभं कुणी केलं? शेवटच्या बाकावर कोण बसलं होतं? आता बी.एड.ला वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, असते. मुलं शाळेत जास्त राहतात, चांगलंच आहे. पण शेवटच्या बाकावर बसायला कुणी नसेल, तर वीस काय, चाळीस आठवडे पाठवा.

आणि २६ जुलै २००५ला मी कुठली वही तपासत होते हेही सांगते. त्या दिवशी कुर्ल्यातच पाठ होते. दुपारनंतर पाणी चढायला लागलं. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला हे आम्हाला नंतर कळलं. मुलं आणि आमच्या मुली, सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं आणि रात्रभर पाढे, कविता, भेंड्या. जी मुलगी आठवडाभर ‘मुलं ऐकतच नाहीत’ म्हणून रडत होती, तिच्या मांडीवर दोन पोरं झोपली होती. पाठाच्या वह्या खाली राहिल्या, त्यांचा लगदा झाला. त्या मी तपासल्या नाहीत. याची नोंद घ्यावी.

हुशार मुलं पुढे बसवण्याबद्दल: काही शाळांत व्हायचं, सगळीकडे नाही. पुढे.

भरतीचा प्रश्न धोरणाचा आहे. माझ्या सहीने ना कॉलेजं निघाली, ना भरती थांबली. शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरचे शिक्षक, म्हणून महिना तीन हजारांवर राबलेली मुलं मीही पाहिली आहेत. प्रवेशाच्या वेळी वडील यायचे, बहुतेक गावाकडून, पिशवीत कागदपत्रं. विचारायचे, “बाई, नोकरी लागेल ना?” मी म्हणायचे, “मन लावून केलं तर लागेल.” २०१०नंतरही काही वर्षं तसंच म्हणत राहिले. असो. तो या लेखाचा विषय नव्हता.

तुम्ही खरंच आमच्या विद्यालयातले असाल तर तुमची वही कुठेतरी असेल. शोधा. मागच्या पानावर मी काय लिहिलं होतं ते इथे टाका, मग बोलू. आणि नाव घालून टाका.

ता.क. पाठाच्या लेखी तयारीला ‘पाठ टाचन’ नव्हे, ‘टाचण’ म्हणतात. प्रतिक्रियेत दोन्ही ठिकाणी चुकलंय.