खुलासा : ब्रिक लेनची मशीद ‘बळकावलेलं चर्च’ नाही

‘लंडनच्या ब्रिक लेनवर चर्च बळकावून मशीद केली’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. मधल्या काळातलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) त्यात सोयीस्करपणे गाळलंय.

इमारत १७४३ची, भिंतीवरच्या सूर्यघड्याळावरच साल कोरलंय. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉ प्रोटेस्टंटांनी ती चर्च म्हणून बांधली. त्यांच्यात रेशीम विणणारे बरेच. आसपासच्या जुन्या घरांच्या माळ्यांना रुंद खिडक्या आहेत त्या मागावर उजेड पडावा म्हणून. १८१९ला मेथडिस्ट हे दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक आले, १८९८ला रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंनी सिनेगॉग केलं. पुढे ज्यू कुटुंबं उपनगरांत सरकली, उपासकच उरले नाहीत. मग १९७६मध्ये तिथे मशीद सुरू झाली. नमाजी मुख्यतः बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे बंगाली, अनेकजण तेव्हा शिवणकामाच्या कारखान्यांत राबणारे. ते काम पूर्वी ज्यूंच्या हातात होतं.