शिमल्याच्या टेबलावर फाळणीच्या सह्या? कोणी केल्या?

शिमल्याच्या व्हाइसरीगल लॉजबद्दलचा, म्हणजे इंग्रज व्हाइसरॉयच्या उन्हाळी महालाबद्दलचा, तो फिरता मेसेज अखेर भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात जाऊन बसला. तिला काय बोलणार, तो आमच्याच घरच्या ग्रुपवर आला होता. मेसेज म्हणतो: १९४५ च्या परिषदेत गांधीजींनी इथे बसून पाकिस्तान कबूल केलं, फाळणीच्या सह्या इथल्याच टेबलावर झाल्या, गोडसेचा खटला इथे चालला, १९७२ चा शिमला करार इथलाच, आणि शेवटी नेहरूंनी महाल विचारवंत मित्रांना आंदण दिला.

गांधीजींचं आधी, कारण खरं विष त्यात आहे. ते शिमल्यात होते, व्हाइसरॉय वेव्हेलना भेटलेही. पण परिषदेत बसले नव्हते. काँग्रेसतर्फे बसले होते अध्यक्ष मौलाना आझाद. २५ जून ते १४ जुलै चाललेल्या त्या परिषदेचा विषय पाकिस्तान नव्हताच. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कोण असावं, एवढाच होता. व्हाइसरॉय आणि सरसेनापती सोडून सगळे हिंदी सभासद, त्यांत सवर्ण हिंदू आणि मुसलमान समसमान, अशी ती योजना. जिना अडून बसले की मुसलमान सभासद फक्त मुस्लिम लीगच सुचवणार. ज्या काँग्रेसचा अध्यक्षच मुसलमान, तिने हे कसं मानावं? बोलणी फिसकटली. जिथे काहीच ठरलं नाही, तिथे म्हणे पाकिस्तान ठरलं!

आता टेबल. अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. मे १९४७ मध्ये माउंटबॅटन याच महालात मुक्कामाला होते. १० मेच्या रात्री त्यांनी नेहरूंना सत्तांतराचा मसुदा दाखवला आणि नेहरू भडकले. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉयचे घटनात्मक सल्लागार व्ही. पी. मेनन यांनी अवघ्या काही तासांत नवा मसुदा लिहून काढला. मेनन यांनीच सत्तांतरावरच्या आपल्या १९५७ च्या पुस्तकात हे सांगितलंय. मेसेज पुढे ढकलण्याआधी ती पानं चाळायला हरकत नव्हती. पण मसुदा म्हणजे करार नव्हे. नेत्यांपुढे योजना ठेवली गेली २ जूनला, दिल्लीत. कायदा झाला लंडनच्या पार्लमेंटमध्ये, १८ जुलैला. शिमल्यात सही कोणाची आणि कशावर?

गोडसेचा खटला लाल किल्ल्यात चालला. शिमल्यात झालं ते अपील, आणि तेही पीटरहॉफ या दुसऱ्याच इमारतीत. १९७२ चा करार बार्न्स कोर्ट नावाच्या तिसऱ्याच वास्तूत झाला. एका गावात एकच इमारत असते असं या लोकांना वाटतं की काय!

महाल देखणा आहे, यात वाद नाही. आत ब्रह्मदेशी सागवान, १८८८ पासून विजेचे दिवे, आणि वास्तुकार हेन्री आयर्विन, ज्यांनी पुढे म्हैसूरचा राजवाडा बांधला.

राहिलं 'आंदण'. स्वातंत्र्यानंतर ही वास्तू राष्ट्रपती निवास झाली. राष्ट्रपती उन्हाळ्यात जेमतेम काही दिवस यायचे, एरवी महाल रिकामाच. तो अभ्यासकांना द्यावा ही कल्पना राधाकृष्णन यांची. म्हणजे राष्ट्रपतींनी स्वतःचंच उन्हाळी घर सोडलं. नेहरू गेले मे १९६४ मध्ये. या महालातल्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेची नोंदणी त्यानंतर ऑक्टोबरात झाली आणि २० ऑक्टोबर १९६५ ला राधाकृष्णन यांनीच तिचं उद्घाटन केलं.