दुसरं वाक्य कुठल्या भाषेत?

मीरा रोडच्या दुकानदाराला मराठी न बोलण्यावरून कानफटात बसली ती २०२५च्या जुलैच्या तोंडावर. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो वाद अजून धुमसतोय. पुण्याचे काका म्हणतात, असंच पाहिजे. मुंबईची मावसबहीण म्हणते, लाज वाटते. मला मात्र दर वेळी शेजारच्या वेल्श आजी आठवतात.

ॲबरिस्टविथ हे ब्रिटनमधल्या वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. बाबा तिथं डॉक्टर म्हणून आले, मी तिथंच वाढले. समुद्राकाठच्या रस्त्याच्या टोकाला लोखंडी कठडा आहे. फिरायला गेलेल्यानं त्याला बुटानं लाथ मारूनच मागं फिरायचं, हा गावचा रिवाज. का, ते विचारायचं नाही.

आजींकडे बिडाचा जाड, सपाट तवा होता. त्याला त्या 'प्लांक' म्हणायच्या आणि त्यावर बेदाणे घातलेले वेल्श केक भाजायच्या. पुरणपोळीसाठी आई तो मागून आणायची. परत करताना वर चार पोळ्या असायच्याच. आजी घरात वेल्शच बोलत. पण आई दारात दिसली की नवऱ्याशी चाललेलं बोलणंसुद्धा अर्ध्यात इंग्रजीवर यायचं. खोलीत एकाला वेल्श येत नसेल, तर दहा जणांनी इंग्रजी बोलायचं. तिथं याला सभ्यपणा म्हणतात.

माझा सावळा चेहरा बघून दुकानातही इंग्रजीच. मी शाळेतल्या वेल्शमध्ये उत्तर द्यायचे, मग दुकानातल्या बाई थबकायच्या आणि 'बाख' म्हणायच्या, म्हणजे आपलं 'बाळा'.

या सभ्यपणामागे भीतीही आहेच. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. पुढे कुणी वेल्श बोलताना सापडला की तो त्याच्या गळ्यात. २ फेब्रुवारी १९६३ला तरुण मंडळी आमच्याच गावच्या ट्रेवेखन पुलावर रस्ता अडवून बसली. मागणी काय, तर कोर्टाची समन्सं वेल्शमध्ये द्या. भांडण सरकारशी होतं, दुकानदाराशी नव्हतं. माझ्या मते काकांनी एवढं तरी बघावं.

तुलना पुरती जुळत नाही, हे कबूल. तिथं इंग्रजी सगळ्यांनाच येते. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाचं तसं नाही. शिवाय वेल्सचीही काही विजयगाथा नाही: २०११ला १९ टक्के लोक वेल्श बोलत, २०२१ला १७.८, म्हणजे जेमतेम ५ लाख ३८ हजार. आपण आठ कोटींच्या वर आहोत. तरी मागच्या हिवाळ्यात पुण्यात याच काकांनी भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस केली. 'भैया, ठीक लगाओ.' भैया जुन्नरचा निघाला. दोघेही शेवटपर्यंत हिंदीतच भांडले! बहिणीचं वेगळंच: तिला थप्पड नको, हे बरोबरच, पण रिक्षात बसल्या बसल्या पहिला शब्द तिच्याच तोंडून हिंदी निघतो. समोरच्याला मराठी येत असेल की नाही, हे कळायला त्याला एक वाक्य तरी मिळायला नको का?

आईनं चाळिशीनंतर वेल्शची शिकवणी लावली. एकदा तवा परत करताना तिनं घोकलेलं वाक्य म्हटलं. आजींनी उत्तर दिलं इंग्रजीत. आईनं तवा सोडला नाही, दुसरं वाक्यही वेल्शमध्येच म्हटलं. तिसऱ्याला आजी वेल्शवर आल्या, आणि सुटल्याच. आईला त्यातलं निम्मंही कळलं नाही.