मिड सफोकमधली मतं नुसत्या रागाची नव्हती

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. पुण्याहून आमच्या काकांनीही तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "तू तिकडेच असतेस ना, खरं आहे का गं हे?"

मजकूर थोडक्यात असा. मे २०२३ मध्ये पूर्व इंग्लंडमधल्या मिड सफोक जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीत पर्यावरणवादी ग्रीन पक्षाला ३४ पैकी २४ जागा मिळाल्या, पण तो अपघात होता. लोकांना हुजूर पक्षाला धडा शिकवायचा होता, समोर ग्रीनचा उमेदवार दिसला, त्याच्या नावावर शिक्का मारून मोकळे झाले. ग्रीन हा मुळात शहरातल्या कॉलेजकुमारांचा पक्ष. कौन्सिलच्या हातात तसंही कचरा उचलण्यापलीकडे काही नसतं. आणि शेवटी, "आपण भारतीय पासपोर्टवाले. आपल्याला तिथे मतच नाही, तर आपण कशाला डोकं शिणवायचं?"

काका, हे खरं नाही. मी याच जिल्ह्यात राहते, त्या दिवशी मीही मत दिलं होतं. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी रागाचं. राग होता, हे अगदी मान्य. त्या ४ मेला इंग्लंडभर हुजूर पक्षाने हजाराहून जास्त जागा गमावल्या. बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना कोविडच्या टाळेबंदीत झालेल्या पार्ट्या लोक विसरले नव्हते, नंतरच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांची ४९ दिवसांची कारकीर्द ताजी होती, गॅस आणि विजेची बिलं पाहून धडकी भरत होती. पण नुसता रागच असता, तर आमच्या सफोक काउंटीत (काही जिल्हे मिळून एक काउंटी होते) सगळीकडे एकसारखा निकाल लागला असता. तसं झालं नाही. इप्सविचमध्ये मजूर पक्षाने सत्ता राखली. वेस्ट सफोकमध्ये हुजूर पक्षाची सत्ता गेली आणि वेगवेगळ्या गटांची आघाडी आली. ईस्ट सफोकमध्ये ५५ पैकी १६ जागा घेऊन ग्रीन सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमतापासून बराच लांब राहिला. आणि मिड सफोकमध्ये ग्रीन २४, हुजूर ६, लिबरल डेमोक्रॅट ४. देशातला मुख्य विरोधी पक्ष होता मजूर पक्ष, त्याला इथे एकही जागा नाही. काउंटी एक, दिवस एक, राग एकच, आणि निकाल चार तऱ्हेचे. हुजूर पक्षाकडून मतं का निघाली हे रागावरून कळतं. ती कुणाच्या दारात जाऊन पडली, हे त्या त्या ठिकाणी बघावं लागतं.

मिड सफोकमध्ये बघायचं तर मागे जावं लागेल. २०१५ मध्ये कौन्सिलच्या ४० जागा होत्या. त्यात हुजूर पक्षाच्या २९, ग्रीनच्या ५. पुढे वॉर्डांची फेररचना होऊन जागा ३४ झाल्या. २०१९ मध्ये हुजूर पक्ष १६ वर आला आणि ग्रीन १२ वर गेला. बहुमताला १८ लागतात, तरी तेव्हा सत्ता हुजूर पक्षाकडेच राहिली. मग २०२३ मध्ये २४. पाच, बारा, चोवीस. आठ वर्षं चढत आलेल्या आकड्यांना अपघात कसं म्हणायचं?

ही चढण कशी चढतात, ते मी माझ्या दारात पाहिलंय. निवडणुकीच्या आधीच्या हिवाळ्यातली एक शनिवार सकाळ होती. बाहेर भुरभुर पाऊस. दारात गमबूट घातलेली एक बाई उभी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली वही, म्हणजे पावसात शाई उतरू नये म्हणून. मी ग्रीन पक्षाची उमेदवार, असं सांगितलं खरं, पण मत मागितलंच नाही. विचारलं, "या रस्त्यावर तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मी आमच्या गल्लीच्या वळणावरची चारी दाखवली. जोराचा पाऊस झाला की ती तुंबते, पाणी रस्त्यावर येतं आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना गुडघाभर चिखलातून जावं लागतं. बाई माझ्याबरोबर वळणापर्यंत चालत आल्या, काठीने चारीतला गाळ ढवळून पाहिला, वहीत लिहून घेतलं आणि गेल्या. तीन आठवड्यांनी एक घडी घातलेलं पत्रक आलं. त्यात आमच्या चारीचा उल्लेख होता. ती काउंटीच्या अखत्यारीत येते, काउंटीला पत्र लिहिलंय, उत्तर आलं की कळवू. कळवलंही. अशी पत्रकं नंतरही येत राहिली. इतर पक्षांची पत्रकं एप्रिलमध्ये आली.

एक गोष्ट मात्र मजकुराच्या बाजूने सांगायला हवी. ३४ पैकी २४ म्हणजे ७० टक्के जागा, पण ग्रीनला ७० टक्के मतं मिळालेली नाहीत, त्याहून बरीच कमी मिळाली. वॉर्डात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची मतं वाया, अशी इथली पद्धत आहे. आपल्याकडच्यासारखीच. शिवाय इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या निवडणुकीत साधारण तीनातला एकच मतदार घराबाहेर पडतो. तेव्हा "अख्खा जिल्हा हिरवा झाला" असं कुणी लिहिलं, तर तेही मी खोडून काढीन. पण २०१५ मध्ये हुजूर पक्षाला २९ जागा देणारी पद्धत हीच होती. तेव्हा तिला कुणी अपघात म्हटलं नव्हतं.

"ग्रीन हा शहरी पक्ष" हे वाक्य काही वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं. ब्रायटन हा त्यांचा बालेकिल्ला. २०११ मध्ये तिथल्या कौन्सिलमध्ये ५४ पैकी २३ जागा मिळवून त्यांनी अल्पमतातला कारभार केला, २०२० पासून पुन्हा कारभार त्यांच्याकडे होता. मात्र ज्या दिवशी मिड सफोकने ग्रीनला पहिल्यांदा निर्विवाद बहुमत दिलं, जे ब्रिटनमधल्या कुठल्याच कौन्सिलमध्ये त्यांना तोवर मिळालं नव्हतं, त्याच दिवशी ब्रायटनच्या मतदारांनी त्यांना ७ जागांवर आणून ठेवलं आणि मजूर पक्षाला ३८ दिल्या. निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी ६ मेला, राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक होता. सगळे कॅमेरे तिकडे वळले आणि या दोन निकालांची जोडी बहुतेकांच्या नजरेतून निसटली. मला तर त्या निवडणुकीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. ग्रीनची देशव्यापी लाट असती तर ब्रायटन हातचं गेलं नसतं. आणि हा शहरी पोरांचा पक्ष असता तर मिड सफोक आलं नसतं. दोन्हीकडे लोकांनी आपापल्या कौन्सिलचा कारभार पाहून मत दिलं.

आणि मिड सफोक म्हणजे काय? जेमतेम लाखभर वस्ती. बार्ली, गहू आणि शुगर बीटची शेतं, जुनी दगडी चर्च, दिवसातून मोजक्या बस. सर्वांत मोठं गाव स्टोमार्केट. कौन्सिलचं कार्यालयसुद्धा जिल्ह्याबाहेर, इप्सविचमध्ये आहे. इथे पर्यावरण म्हणजे दारासमोरची चारी, नदीत सोडलेलं सांडपाणी, आणि ज्या शिवारात घरं उठणार ते शिवार. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत उंच मनोऱ्यांवरून ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी नेण्याची योजना आली, तेव्हा इथल्या ग्रीन मंडळींनीही दुसरे पर्याय तपासा म्हणून आवाज उठवला. समुद्रातली पवनवीज हवी आणि ती वाहून नेणारे मनोरे नकोत, हे कसं, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. टीका रास्त आहे, असं माझं मत. पण ज्यांच्या शेतातून मनोरे जाणार त्यांच्याशी बोलून घेतलेली ती भूमिका होती. कॉलेजच्या कट्ट्यावर ती जन्मली नव्हती.

तरीही कुणी अपघातच म्हणत असेल, तर २०२४ ची संसदेची निवडणूक पाहावी. देशभर मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं. हुजूर पक्षावरचा राग काढायला तो सर्वांत सोपा पर्याय होता. त्याच निवडणुकीत आमच्या जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग ज्यात येतो, त्या वेव्हनी व्हॅली या नव्या मतदारसंघातून ग्रीनचे एड्रियन रॅमसे निवडून आले. त्या वेळी ग्रीनचे एकूण चार खासदार झाले. दोन शहरांतून, ब्रिस्टल आणि ब्रायटन. दोन खेड्यापाड्यांतून, एक आमच्याकडून आणि एक नॉर्थ हेरफोर्डशरमधून.

आता "कौन्सिलच्या हातात काय असतं" हा प्रश्न. इथे नावामुळेच घोटाळा होतो. इथला जिल्हा आपल्या जिल्ह्यासारखा नसतो. कलेक्टर नाही, जिल्हा परिषदेसारख्या शाळा नाहीत. शाळा, रस्ते, ग्रंथालयं, वृद्धांची देखभाल हे सगळं वरच्या काउंटी कौन्सिलकडे. जिल्हा कौन्सिलकडे कचरा आहेच, पण घरबांधणीची परवानगी, बेघरांची सोय, कौन्सिलची भाड्याची घरं, हॉटेलांची स्वच्छता तपासणी, दारूचे परवाने आणि मतदार यादीसुद्धा आहे. यातली बांधकाम परवानगी सर्वांत जड. कुठल्या शिवारात किती घरं उठणार, त्यातली किती सामान्यांना परवडणारी, हे जिल्ह्याच्या स्थानिक आराखड्यावर आणि नियोजन समितीवर अवलंबून असतं. समितीने नाही म्हटलं तर बिल्डर अपील करतो आणि सरकारी निरीक्षक तो निर्णय फिरवूही शकतो. तेव्हा अधिकार मर्यादित आहेत, हे खरं. कौन्सिल टॅक्सचं बिल जिल्हा पाठवतो, पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. म्हणून रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी ग्रीन कौन्सिलला शिव्या देण्यात अर्थ नाही. पण ज्यांना इथे घर घ्यायचंय किंवा भाड्याने मिळवायचंय, त्यांनी "फक्त कचरा" म्हणू नये. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही दोन मजली रचना मोडून एकच कौन्सिल करण्याचं धोरण जाहीर केलं. तसं झालं की हेच अधिकार, शाळा आणि रस्त्यांसकट, त्या एका कौन्सिलकडे जातील. मग तिच्यावर कोण निवडून जातं, हे आणखीनच महत्त्वाचं होईल.

शेवटचा मुद्दा वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण त्यामुळे आपली माणसं घरी बसतात. भारत राष्ट्रकुलात, म्हणजे कॉमनवेल्थमध्ये आहे. म्हणून भारतीय पासपोर्ट असलेला, ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी असलेला, इंग्लंडमध्ये राहणारा, १८ वर्षं पूर्ण झालेला कुणीही माणूस मतदार यादीत नाव घालू शकतो. त्यासाठी ब्रिटिश नागरिक व्हावं लागत नाही. कौन्सिलच्याच नाही, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. कामाच्या व्हिसावर आलेल्यांनाही. इथे सात-आठ वर्षं राहूनही हे ठाऊक नसलेली मराठी कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत.

२०२३ मध्ये फोटो असलेलं ओळखपत्र दाखवण्याची अट इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच लागली होती. मतदान केंद्रातून सुमारे १४,००० माणसं ओळखपत्रापायी मत न देताच परतली, असा निवडणूक आयोगाचा हिशोब आहे. मी धास्तावूनच गेले. गावच्या हॉलमध्ये दोन टेबलं, बाजूला प्लायवूडचे आडोसे, दाराबाहेर खांबाला बांधलेला कुणाचा तरी कुत्रा. मी निळा पासपोर्ट पुढे केला. टेबलामागच्या आजींनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, माझं नाव वडिलांच्या नावासकट एकेक अक्षर सावकाश वाचलं, पट्टी ठेवून यादीत रेघ ओढली आणि मतपत्रिका दिली. आडोशाला दोरीने बांधलेली जाड पेन्सिल होती. शिक्का नाही, काका, पेन्सिलने फुली मारायची असते. स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी चेहरा ओळखू आला की झालं.

नाव ऑनलाइन घालता येतं, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवायचा, पाच मिनिटांचं काम आहे. मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी संपते. तो मजकूर ज्या ज्या ग्रुपवर दिसेल, तिथे निदान एवढं तरी खाली टाका.